सप्टेंबरचा शेवटचा रविवार

कॅथलिक चर्चमध्ये स्थलांतरित आणि निर्वासितांचा दिवस १९१४ पासून पाळतात. २०१९ पासून तो सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी येतो. अशा लोकांना मदत करणाऱ्या आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा त्याच दिवशी, मिस्सा म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना झाल्यावर सभागृहात भरतो. प्रार्थना, स्वागत, अहवाल, हिशेब सगळं रीतीप्रमाणे होतं. मी वाट पाहत असते ती सिस्टरांच्या बोलण्याची.

सिस्टर दरवर्षी संत फ्रान्सिस कॅब्रिनी या इटालियन धर्मभगिनींविषयी बोलतात. कॅब्रिनींना जायचं होतं चीनला. पोप तेरावे लिओ म्हणाले, पूर्वेला नको, पश्चिमेला जा. १८८९ मध्ये सहा भगिनींना घेऊन त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तर तिथल्या आर्चबिशपांनी सांगितलं, परत जा. त्या गेल्या नाहीत. लहानपणी बुडता बुडता वाचल्यामुळे पाण्याची धास्ती होती, तरी त्यांनी वीसहून अधिक वेळा समुद्र ओलांडला आणि शाळा, अनाथालयं, इस्पितळं मिळून ६७ संस्था उभ्या केल्या. ‘परत जा’ या शब्दांपाशी सिस्टर क्षणभर थांबतात. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी ते शब्द कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी ऐकलेले असतात. मला ही गोष्ट पाठ आहे, तरी त्या जागी डोळे भरून येतातच.

फादर बिशप स्कालाब्रिनींबद्दल सांगतात. मिलानच्या स्थानकावर फाटक्या कपड्यांतले तीन-चारशे लोक अमेरिकेला निघालेले त्यांनी पाहिले. ते दृश्य त्यांच्या मनातून गेलं नाही, आणि १८८७ मध्ये त्यांनी स्थलांतरितांसाठी मिशनऱ्यांचा संघ स्थापन केला. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं, त्या वर्षी फादर जरा जास्तच बोलले. बोलू द्यावं.

मग नव्याने आलेल्यांपैकी कोणीतरी बोलतं. पहिली दोन मिनिटं स्वतःच्या भाषेत, भाषांतराशिवाय. या नियमासाठी मी समितीत भांडले आहे. “कुणाला कळणार?” असं विचारलं गेलं होतं. वर्षभर ही माणसं अर्जाच्या भाषेत, वकिलाच्या भाषेत, आमच्या भाषावर्गातल्या भाषेत बोलतात. दोन मिनिटं तरी त्यांनी आपल्या आईशी बोलावं तसं बोलावं. एका वर्षी एक बाई उभ्या राहिल्या आणि एका लयीत काहीतरी म्हणत गेल्या. आम्हाला ती प्रार्थना वाटली. नंतर दुभाषी मुलीने हळूच सांगितलं, ती नावं होती, त्यांच्या गल्लीतल्या घरांची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

त्या दिवशीही मागच्या रांगा रिकाम्या होत्या. नाताळच्या मिस्साला दाराबाहेर गर्दी असते, आणि या रविवारी शेवटचं गीत संपायच्या आत निम्मे लोक घराकडे वळतात. पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवलं आहे की मिसर देशात आश्रयाला गेलेलं पवित्र कुटुंब, म्हणजे बाळ येशू, मरिया आणि योसेफ, हा प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श आहे. नाताळात बाळ येशूच्या गव्हाणीपुढे हात जोडणाऱ्यांना तासभर थांबता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

जे थांबतात, ते मात्र किती करतात! वर्षभर कागदपत्रांच्या प्रती काढून फायली लावणाऱ्या निवृत्त बाई, कचेरीत पहाटेपासून रांग धरणारी दोन भावंडं, वकिलाकडे नेणारे ड्रायव्हर काका, तीन भाषा बोलणारी ती दुभाषी मुलगी. कार्यक्रमभर मुलांना मागच्या खोलीत सांभाळणाऱ्या मावशींना स्वतःला एकही भाषण ऐकायला मिळत नाही. खुर्च्या मांडणारी तरुण मुलं, गायकवृंद, फलक लिहिणारे सर, सभागृहाची किल्ली सांभाळणारे दादा. आणि माईकवाले काका. गेल्या वर्षी आभार मानताना त्यांचा उल्लेख राहून गेला. ते काही बोलले नाहीत, मुकाट्याने वायरी गुंडाळत राहिले. यंदाच्या कागदावर मी त्यांचं नाव सर्वांत वर लिहिलं आहे.