वेंगुर्ला बघावं ते बंदरावरून

कुडाळला उतरून मठमार्गे निघालं की तासाभरात वेंगुर्ला येतं, पण आपण गावात शिरतो ते मागीलदारातून. गावाचं तोंड समुद्राकडे आहे. बंदर, टेकडीवरचं दीपगृह, सागर बंगला, सगळं कसं बोटीतून येणाऱ्या माणसाची वाट बघत असल्यासारखं.

लहानपणी आम्ही मे महिन्यात बोटीनंच यायचो. भाऊच्या धक्क्यावर चढलं की आधी डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची. मग जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत बोट दक्षिणेला सरकायची. 'कोकणशक्ती' आणि 'कोकणसेवक' ही नावं आमच्या घरात नातेवाईकांसारखी घेतली जायची. बोट खोल पाण्यात उभी राहिली की होड्या येऊन भिडायच्या आणि ट्रंका, वळकट्या, कडेवरची पोरं हातोहात खाली उतरायची. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून जून लागायच्या आत परतायचं. पुढे ती कायमचीच बंद झाली आणि चाकरमानी एसटीने यायला लागले.

या वेळी बंदरावर दुपारी पोचलो. मच्छीमारांच्या होड्या होत्या, जाळी वाळत होती, मुंबईच्या माणसाची वाट बघणारं कुणी नव्हतं. मला भरून आलं.

तसा हा उतार जुनाच. घाटावरचा बेळगावकडचा माल एके काळी आंबोलीवरून याच बंदरात उतरायचा. १८८८ मध्ये मुरगावला रेल्वे लागली आणि व्यापार तिकडे वळला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली, तीही कुडाळ-सावंतवाडीवरून. वेंगुर्ला दोन्ही वेळा बाजूलाच राहिलं. सतराव्या शतकातली डच वखार तर त्याही आधीची. जांभ्याच्या भिंतींत झाडांची मुळं अशी घुसली आहेत की चिरा कुठला आणि मूळ कुठलं ते हात लावून बघावं लागतं. एवढी वास्तू अशी ढासळू द्यावी, याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

बाजारात मात्र जीव आहे. मार्चचे दिवस, ओल्या काजूंचा हंगाम. एक आजी कोयतीने हिरवी बी मधोमध चिरून आतला गर अलगद काढत होत्या. चिकाने बोटांची सालं गेलेली, काळी पडलेली. गर शेकड्यावर विकायला होते. इथल्या फळ संशोधन केंद्राच्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जाती कोकणभर लागल्या, पण हे काम अजून बोटांचंच आहे. भाव करावासा वाटला नाही.

"खंयसून इलात?" आजींनी विचारलं. मुंबईहून, पूर्वी बोटीनं यायचो, म्हटल्यावर त्यांचे हात थांबले. "बोट होती तेव्हा बंदरार रोज जत्रा!" असं म्हणून त्यांनी मोजलेल्या गरांवर आणखी मूठभर टाकले. रात्री खानावळीत त्या गरांची उसळ करून घेतली, ओलं खोबरं घालून.

तुम्ही गेलात तर गावात थांबू नका, रिक्षा थेट बंदरावर न्या. आधी दीपगृहाच्या टेकडीवर चढा, सागरेश्वरचा किनारा बघून घ्या आणि मग उतरून बाजाराकडे चालत या. बोटीतून उतरलेली माणसं याच वाटेनं गावात यायची.