नवमीची भरती आणि केळशीचे कुरव

पुण्यातील आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर महिनाभर नकाशा पसरलेला होता. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तेथून म्हसळा तालुक्यातील चिरगाव, पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वी, मग वेळास, केळशी आणि आंजर्ले असा चार दिवसांचा मार्ग त्यावर पेन्सिलीने आखलेला होता. पत्नीला गिधाडे पाहायची होती आणि मुलीला कासवाची पिल्ले. मी मात्र दर हिवाळ्यात पक्षी पाहायला भिगवणला जात असलो, तरी खाडीच्या मुखाशी जमणारे समुद्रपक्षी मनसोक्त पाहिले नव्हते. तिघांच्या इच्छा एकत्र बसवणारा काळ फार अरुंद असतो. कासवांची घरटी फुटण्याचा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगात येतो आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी तोवर परतीच्या तयारीला लागतात. म्हणून आम्ही मार्चमधला दुसरा शनिवार-रविवार धरला, त्याच्या आधी दोन दिवसांची रजा जोडली आणि राहण्याच्या जागा ठरवल्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी तारीख पाहिली, वार पाहिला; त्याच चौकोनात बारीक अक्षरांत छापलेली तिथी मात्र पाहिली नाही.

पहिले दोन दिवस चांगले गेले. चिरगावच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे बसलेली दिसली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे ज्यांचा देशभर जवळजवळ निर्वंश झाला आणि ज्यांच्यासाठी २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, ती गिधाडे अजून येथे नांदत आहेत, हे पाहून पत्नीचे डोळे भरून आले. वेळासला संध्याकाळी आणि सकाळी, दोन्ही वेळा घरट्यांवरच्या टोपल्या उचलल्या गेल्या आणि दोन्ही वेळा वाळू निश्चल होती. मुलगी हिरमुसली, पण अंड्यांतून पिल्ले केव्हा यायची हे वाळूची ऊब ठरवते आणि तेथे आमच्या आरक्षणाला किंमत नाही, हे तिला मी समजावण्याआधीच समजले.

खरी गोष्ट केळशीची आहे. शनिवारी पहाटे मी दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप घेऊन वाडीतून निघालो. मनाच्या डोळ्यांसमोर उघडा चिखल होता, त्यात चोची खुपसून फिरणारे कोरल, तुतारी आणि चिखले हे किनाऱ्यावरचे पक्षी होते. खाडीच्या मुखाशी पोहोचलो, तर तेथे काठोकाठ पाणी! बोटभरही चिखल उघडा नव्हता. परतलो तेव्हा घरमालक आजोबा शिंपण करत होते. २०२० च्या ३ जूनला आलेल्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची अर्धी वाडी आडवी झाली होती आणि नव्याने लावलेल्या पोफळी आता कोठे माणसाच्या उंचीच्या वर गेल्या आहेत. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारले, "आज नवमी ना? मग पावणेसातला भरती पुरी. तुम्ही तारखेने आलात काय?"

त्यांनी शिकवलेला हिशेब कोकणात लहान मुलालाही येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. नवमीच्या नवाची पाऊणपट पावणेसात, म्हणून पावणेसातला भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे भर दुपारी एकच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शिवाय अष्टमी-नवमीचे दिवस भांगाचे, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी दूरवर ओसरलेले आणि ऊन कोवळे. महिनाभर मी नकाशा पाहत होतो आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक पाखराचा दिवस ज्या गणितावर चालतो, ते गणित माझ्याच भिंतीवर टांगलेले होते.

"मग आता पाखरे कुठे असतात?" मी विचारले. "वाळूवर. पाण्याने हाकलली की टेकडीकडच्या पुळणीवर येऊन बसतात," आजोबा म्हणाले.

केळशीच्या त्या प्रसिद्ध वाळूच्या टेकडीच्या अलीकडे, लाटांपासून थोड्या अंतरावर, खरोखरच एक मोठा थवा बसला होता. तपकिरी डोक्याचे कुरव (सीगल), सुरय (टर्न), त्यांच्या मागे मुठीएवढे चिखले, सगळे वाऱ्याकडे तोंड करून स्तब्ध. काही कुरवांच्या पांढऱ्या डोक्यांवर विणीच्या हंगामाचा तपकिरी रंग चढू लागला होता. हे पक्षी येथून लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे जातात. त्या प्रवासाआधी ओहोटीत खायचे आणि भरतीत स्वस्थ बसून अंगावर चरबी साठवायची, एवढेच त्यांचे काम असते. आम्ही तिघे सुरूच्या सावलीत बसलो. मुलीने दोनशेपर्यंत मोजले होते.

तेवढ्यात गावाकडून एक मोठी गाडी पुळणीवर उतरली. पाटीवर पुण्याचा एमएच १२. तिने वेग घेतला आणि सरळ थव्यात घुसली. छतातून बाहेर आलेला एक तरुण मोबाइलवर उडणारे पक्षी टिपत होता. थवा उठला, समुद्रावर वळसा घालून पुन्हा बसला. गाडी वळली, पुन्हा घुसली. तिसऱ्या खेपेला मी धावत जाऊन गाडीसमोर उभा राहिलो. चालवणारा माझ्याच वयाचा होता, मागे बायको-मुले होती. "अहो काका, पक्षीच आहेत, परत बसतील," तो म्हणाला. मी त्याला लडाखचे सांगितले, चरबीचे सांगितले. तो उद्धटपणे बोलला नाही. नुसता हसला, काच वर केली आणि निघून गेला. माझे हात थरथरत होते. पक्षी पाहण्यासाठी आम्हीही त्याच शहरातून, त्याच घाटाने, त्याच जोडून आलेल्या सुट्टीत आलो होतो, ही जाणीव मला अजून सोडत नाही.

थवा चौथ्यांदा वाळूवर उतरला नाही. खाडीच्या पलीकडे लांब गेला आणि दुर्बिणीतही ठिपक्यांएवढा उरला. दुपारी ओहोटीला आम्ही पुन्हा गेलो. उन्हाच्या झळांमुळे स्कोपमधले चित्र हलत होते. उघड्या पडलेल्या अरुंद पट्टीवर एकच कोरल आपली लांब बाकदार चोच चिखलात खुपसत होता. मुलीने वहीत दोनशेच्या आकड्याखाली एक लिहिले. आंजर्ले सोडून दिले आणि रविवारी थेट पुण्याला परतलो.

घरी आल्यावर नकाशा गुंडाळला आणि पुढच्या वर्षीचे पंचांग उघडले. फाल्गुन वद्य द्वितीया गुरुवारी येते. आजोबांना फोन केला, तेव्हा त्यांनी पलीकडून आधी पाऊणपट केली आणि मग म्हणाले, "साडेसातला पाणी तळाला असेल, या. गुरुवारी गाड्याही नसतात."