नाक्सोसच्या समुद्रात उतरताना वारा आधी बघा

माझं माहेर मालवणजवळच्या देवबागचं. समुद्रात जायचं तर भरती-ओहोटीची वेळ विचारायची आणि कर्ली नदीच्या मुखाकडे फिरकायचं नाही, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. ग्रीसच्या नाक्सोस बेटावर मात्र पाणी वीतभर चढलं-उतरलं तर पुष्कळ. तिथे सगळा खेळ वाऱ्याचा.

जुलै-ऑगस्टमध्ये या बेटांवर मेल्तेमी वाहतो. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानकडे कमी, त्यामुळे उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि तरी दुपारी वारा ६-७ बोफर्टवर जातो (बोफर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणारं ० ते १२ चं माप). आपल्याकडे जोराचा वारा म्हटला की काळे ढग डोळ्यांपुढे येतात. इथे तशी काहीच चाहूल मिळत नाही, म्हणून रोज सकाळी आम्ही आधी बोफर्टचा आकडा बघायचो. ४ पर्यंत असेल तरच पोहायचं, तेही दुपार व्हायच्या आत. हा नियम आमच्यापुरता होता.

बेटाच्या मुख्य गावाला लागून असलेल्या आयिओस योर्गिओसच्या किनाऱ्यावर पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे. मला आणि मुलाला पॅडलबोर्ड, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवणं, शिकायचं होतं. प्रशिक्षकाने पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही तलावात पोहता की समुद्रात?” मग बोर्डाला हात लावू न देता आम्हाला वाळूवर उभं केलं आणि पाण्याकडे बघायला लावलं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर काठाजवळ लाटा उठायला त्याला अंतरच मिळत नाही. पाणी सपाट, गोड दिसतं. नजर लांब टाकली की पांढरा फेस दिसतो. पाणी सर्वांत शांत भासतं तिथूनच माणूस आत ओढला जातो, हे मला कोकणात कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी शिकवण सोपी होती. बोर्डाची दोरी घोट्याला बांधलेली हवीच. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा मदतीला. वारा वाढला तर गुडघ्यांवर बसायचं. आणि काहीही झालं तरी बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही; तो तरंगतो आणि लांबूनही दिसतो. हवेच्या गादीचं उलटं आहे. ती वाऱ्याने निघाली तर जाऊ द्यावी, तिच्यामागे पोहू नये.

पोहताना मी कमरेला केशरी फुगा बांधायचे, म्हणजे बोटवाल्यांना डोकं दिसतं. किनाऱ्याला समांतर, बोयांच्या, म्हणजे हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, आतच. या पाण्यात किलोमागे साधारण ३९ ग्रॅम मीठ, त्यामुळे अंग छान तरंगतं, पण पाणी कोकणापेक्षा गार. मुलाचे ओठ निळसर दिसले की मी त्याला बाहेर काढायचे, तो कितीही “आई, पाचच मिनिटं” म्हणाला तरी. खडकांवर काटेरी समुद्री साळिंदरं (सी अर्चिन) असतात, तिथे रबरी बूट हवेतच.

तटरक्षक दलाचा १०८ आणि युरोपभर चालणारा ११२, हे दोन्ही नंबर मुलाच्या फोनमध्येही घालून ठेवले होते.

विंडसर्फिंगच्या दिवशी वारा ७ वर गेला आणि शिकवणाऱ्या शाळेने वर्ग रद्द केला. मुलाचा हिरमोड झाला. आम्ही बस पकडून डोंगरातल्या हाल्की गावात गेलो. वर्ग दुसऱ्या दिवशी सकाळी झाला.