दोन कार्डं, दोन पाटल्या आणि रविवारची मांदेली

२०२२ च्या दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. भांडुप स्टेशनजवळच्या कपड्यांच्या दुकानात लेकीचा फ्रॉक आणि आईची साडी घेतली, बिल झालं ३,४०० रुपये. मी कार्ड दिलं. मुलाने ते मशीनला लावलं, पुन्हा लावलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, लिमिट संपलंय वाटतं. दुसरं असेल तर द्या." मी सवयीने पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून दुसरं काढलं.

बायको शेजारीच उभी होती. दुकानात काही बोलली नाही. जिन्यात म्हणाली, "हे दुसरं कधी घेतलंस?"

मी मस्जिद बंदरला एका मालवाहतूक कंपनीत हिशेब लिहितो. अठरा वर्षं दुसऱ्यांचा जमाखर्च जुळवतोय, पाच पैशांचा फरक आला तर जेवण गोड लागत नाही. आणि घरात दोन लाखांचा फरक मी दोन वर्षं पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घेऊन फिरत होतो. आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी बँकेतून वैयक्तिक कर्ज काढलं होतं, ते हिला माहीत होतं. कार्डांचं माहीत नव्हतं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर लेकीच्या जुन्या गणिताच्या वहीत कोरं पान शोधून आम्ही एकाखाली एक लिहून काढलं. वैयक्तिक कर्जाची बाकी ३,१०,०००. पहिलं कार्ड १,३८,०००. दुसरं ६४,०००. फ्रीज आणि मोबाइलचे राहिलेले हप्ते २६,०००. साडूंकडून हातउसने घेतलेले ५०,०००. एकूण ५,८८,०००. माझा हातात येणारा पगार ४१,००० आणि हिच्या शिकवण्यांचे ९,०००.

मग तिने विचारलं, "कार्डाचं दर महिन्याला किती भरतोस?" दोन्हींचे मिळून मिनिमम म्हणजे पाच टक्के, १०,१०० रुपये. "मग ते संपत का नाहीत?" इथे मी पहिल्यांदा स्वतःचाच हिशेब कागदावर मांडला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बाराने गुणलं की ४२ होतात. २,०२,००० वर ते ७,०७० आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी धरून जवळजवळ ८,३४०. म्हणजे दहा हजार भरले की मुद्दलातून जेमतेम पावणेदोन हजार सुटायचे, आणि त्याच महिन्यात मी दूध-किराणा पुन्हा त्याच कार्डावर टाकायचो. कशासाठी, तर पॉइंट मिळतात म्हणून! मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बिनव्याजी दिवसांची चैन पूर्ण बिल भरणाऱ्यांसाठीच असते, हे मला, एका हिशेबनिसाला, ठाऊक नव्हतं असं नाही. मी तिकडे बघत नव्हतो, एवढंच.

ही चिडली ती रकमेवरून नाही. त्याआधीचं वर्षभर मी घरात कुणाला न सांगता काटकसर चालवली होती. रविवारी कुठे जायचं म्हटलं की माझं डोकं दुखायचं. लेकीच्या शाळेची सहल "पुढच्या वर्षी". मासळी बंद, म्हणे डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय. महिनाभर असं कोंडून घ्यायचं आणि मग एखाद्या रात्री वैतागून मोबाइलवरून हजार-बाराशेचं जेवण मागवायचं, तेही कार्डावर. घर तर आंबलंच, वर बाकी वाढतच गेली.

"कर्ज फेडू," ती म्हणाली, "पण रविवार विकायचा नाही."

आधी व्याजाचा गळका नळ बंद करायचा होता. तिच्या माहेरच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या होत्या. माझ्या मावसभावाने सल्ला दिला, "मोडून टाका, सोनं काय उरावर न्यायचंय?" ही म्हणाली, मोडायच्या नाहीत, ठेवायच्या. तेव्हा सोन्याच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज मिळायचं, त्यातून ६४,००० उचलले आणि दुसरं कार्ड मिटवलं. कार्डावर याच रकमेला महिन्याला २,६४० जात होते, सोनेतारणात नऊ टक्क्यांनी ४८०. बँकेतल्या सोनाराने पाटल्या कसोटीवर घासल्या तेव्हा ती भिंतीवरच्या सूचना वाचत उभी होती. सगळ्या सूचना. हिंदीतल्यासुद्धा.

पहिल्या कार्डासाठी विभागातल्या पतपेढीकडून १२ टक्क्यांनी कर्ज घेतलं, तीन वर्षांचं, हप्ता ४,५८०. तिथे दोन जामीनदार लागतात. सगळ्यांत जड गेलं ते हे. बँकेचा अर्ज भरताना लाज वाटत नाही, समोर माणूस नसतो. जामीनदारासाठी मात्र ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला चहाला नेलं, चहा संपला, दुसरा मागवला, तरी तोंडातून शब्द फुटेना. शेवटी तोच म्हणाला, "सही हवीय का? माझी पण कुणीतरी केली होती." दुसरी सही वरच्या मजल्यावरच्या काकांची. त्यांनी कागद तीनदा वाचला आणि मग चष्मा काढून विचारलं, "बुडवणार नाहीस ना रे?" हा प्रश्न मला अजून ऐकू येतो. तीन वर्षांत एकही हप्ता चुकला नाही त्याचं निम्मं श्रेय त्या काकांना.

मधल्या काळात कार्डाच्या वसुलीवाल्याचा फोन आला होता. साठ टक्के भरा, उरलेले माफ, सेटलमेंट करून टाकू. मोह झाला, खोटं का बोलू. पण तसं केलं की क्रेडिट अहवालात खातं 'बंद' न दिसता 'सेटल्ड' दिसतं आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलं की तोच शेरा आडवा येतो. पूर्ण भरलं. तरी पुढच्या महिन्यात त्याच कार्डाचं २,९०० चं बिल! बिलाच्या तारखेपासून पैसे भरल्याच्या तारखेपर्यंतचं व्याज, ते नंतर येतं. फोनवरच्या मुलीने हे इतक्या गोडीने समजावलं की भांडताही येईना. तेही भरलं, कार्डं बंद करायचा लेखी अर्ज दिला आणि बंद झाल्याचं पत्र मागून घेतलं. असा अर्ज आला की बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो अर्जातच लिहिला.

या उलथापालथीने महिन्याचे ५,०४० रुपये मोकळे झाले. माझं म्हणणं, सगळे कर्जात घालू. तिने ३,००० पाटल्यांकडे लावले आणि २,००० लाडवांच्या स्टीलच्या डब्यात ठेवले. डब्याचा नियम असा, की हे पैसे महिन्याच्या आत मजेसाठीच संपवायचे आणि शिल्लक टाकायची नाही. एकदा मार्चअखेर डब्यात ८०० उरले होते, मी हळूच काढून सोनेतारणात भरले. लेकीने डबा उघडला, मोजलं आणि आजीसमोर जाहीर केलं, "बाबांनी आपला रविवार चोरला." पुढच्या महिन्यात मला २,८०० टाकावे लागले.

रविवारची मासळी पुन्हा सुरू झाली, पण वेगळी. सुरमई आणि पापलेटकडे न बघता कोळणीच्या टोपलीच्या डाव्या कोपऱ्याकडे बघायला शिकलो. तिथे मांदेली असते, बोंबील असतात, कधी लहान बांगडे. शंभर-दीडशेत चौघांचं भागतं. मांदेली साफ करायला वेळ जातो म्हणून लोक घेत नाहीत. आम्ही ते काम ओट्यावरून खाली आणलं. वर्तमानपत्र पसरायचं, आई पाटावर, मी आणि लेक मांडी घालून. डोकं काढायचं, पोट चेपायचं, पाण्यात टाकायचं. आई गावच्या गोष्टी सांगते, त्यातल्या निम्म्या मी कधी ऐकलेल्याच नव्हत्या. मग हळद, तिखट, आगळ, तांदळाच्या पिठात घोळवून कडकडीत तळलेली मांदेली काट्यासकट खायची. बांगडा असला तर तिरफळ घालून आमटी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मासळी महागते, तेव्हा सुकट आणि सुके बोंबील. ते दोन महिने डब्यातले पैसे इतर गोष्टींना पुरायचे. कोळीण मावशीने एकदा विचारलंच, "काय रे भाऊ, सुरमई सोडलीस?" मी म्हटलं, "कर्ज आहे मावशी." ती म्हणाली, "माझ्यावर पण हाय," आणि वाट्यावर मूठभर मांदेली जास्त टाकली.

मुंबईत स्वस्तात फिरता येतं, फक्त मॉलच्या दिशेला पाठ करायची. राणीच्या बागेत आई-बाप आणि दोन मुलं अशा चौघांचं तिकीट १०० रुपये, म्हणून साडूंच्या मुलाला बरोबर घ्यायचो. पेंग्विनच्या काचेसमोर ही दोघं तासभर हलत नाहीत, तेवढ्यात आमची दोघांची बाकावर झोप होते. (बुधवारी बाग बंद असते, एकदा तसेच परत आलो.) हिवाळ्यात भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूने खाडीकडे पहाटे गेलं तर फुकटात फ्लेमिंगो दिसतात. इतकी वर्षं भांडुपात राहून मी ते फक्त पेपरात पाहिले होते.

गणपतीला गावी जाणं मात्र चर्चेत येऊच शकत नाही. २०२३ मध्ये एसटीने गेलो. त्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, आईला पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे फुकट, लेकीचं अर्धं. चौघांत पूर्ण तिकीट फक्त माझं. आईने कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं ते अशा रुबाबात, की जणू एसटी तिचीच.

हिशेब कालनिर्णयवर. आमच्याकडे दुधाचे लिटर तारखेच्या चौकटीत लिहितात, त्याखालीच ही दर महिन्याच्या ५ तारखेला पाटल्यांची बाकी लिहायची. 'दीड लि.' आणि खाली '५२,०००'. येणारे-जाणारे वाचायचे. मला सुरुवातीला कसंतरी व्हायचं, नंतर सवय झाली. लपवायचं काही उरलं नाही की बरंच हलकं वाटतं. जुलै २०२३ ला फ्रीज-मोबाइलचे हप्ते संपले, तेही पाटल्यांकडे वळवले, त्यात दिवाळीचा बोनस. २०२३ च्या दिवाळीत पाटल्या घरी आल्या. वर्षाची मुदत भरायच्या आत. तेव्हा तोळ्याला साठ हजारांच्या आसपास असलेलं सोनं २०२५ मध्ये लाखावर गेलं, त्यानंतर मावसभावाने सल्ले देणं थोडं कमी केलंय.

पुढचे पैसे कुठे, यावर आमचं भांडण झालं. व्याजाच्या नियमाने साडूंचे बिनव्याजी ५०,००० सगळ्यांत शेवटी यायला हवेत. पण साडू कधीच विषय काढत नसत, तेच खुपायचं. बारशाला, लग्नाला भेटले की ते जास्तच मोकळं हसायचे. हिशेबनीस हरला, त्यांचे आधी फेडले. जुलै २०२४ मध्ये शेवटचे दिले तेव्हा ते म्हणाले, "अरे, घाई काय होती?" आणि पैसे मोजून घेतले. मोजले, हे मला आवडलं.

मग पतपेढी, ती फेब्रुवारी २०२५ ला मिटली. उरलं वैयक्तिक कर्ज, १६ टक्क्यांचं, नऊ हप्ते बाकी. हात मोकळा होता, एकदम बंद करावं वाटलं. पण कागद काढला: नऊ हप्त्यांतलं व्याज राहिलं होतं साधारण ६,२०० आणि मुदतीआधी बंद करायचं शुल्क ४ टक्के, जीएसटी धरून ४,३०० च्या वर. हप्त्यांत व्याज सुरुवातीलाच जास्त कापलं जातं, शेवटी घाई करून फारसं काही सुटत नाही. दोन हजारांसाठी हातातली सगळी रोकड घालवण्यापेक्षा महिन्याला ११,००० ची आवर्ती ठेव सुरू केली. हे सगळं सुरू झालं होतं तेच हाताशी काही नव्हतं म्हणून. मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० झालं, तेव्हा लेकीने डब्यासाठी रीतसर भाडेवाढ मागितली. २०० रुपयांवर तडजोड झाली.

गेल्या नोव्हेंबरच्या ५ तारखेला वैयक्तिक कर्जाचा शेवटचा, त्या दिवाळीपासूनचा छत्तिसावा हप्ता गेला. मोबाइलवर नेहमीसारखाच मेसेज आला, मी मस्जिदच्या पुलावर होतो, मागून धक्का बसला म्हणून पुढे सरकलो. काकांना संध्याकाळी पेढे दिले. त्यांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "पत्र घेतलंस का, काही देणं नाही म्हणून?" ते मागितलंय. क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढला. सगळी खाती 'बंद' दिसतात, फक्त ते ६४,००० वालं कार्ड अजून 'चालू' आहे. बंद झाल्याचं पत्र जोडून तक्रार केलीय, उत्तर यायचंय.

त्या रविवारी मी सुरमईच्या टोपलीसमोर उभा राहिलो. भाव विचारला. मग नेहमीच्या डाव्या कोपऱ्यातले दोन वाटे घेतले, कारण आईने निघताना सांगितलं होतं की वर्तमानपत्र पसरून ठेवलंय.