वाहत्या पाण्याच्या माशांसाठी घरात टाकी केली, त्याचा माझा अनुभव

आमचं घर कुडाळ तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या बाजूला, आणि परड्याच्या मागूनच व्हाळ, म्हणजे ओढा, जातो. लहानपणी पहिला मोठा पाऊस झाला की चढणीचे मासे धरायला अख्खी वाडी पाग घेऊन व्हाळावर, मी पण असायचो पण माझं लक्ष कायम मळ्या नावाच्या माशांकडे. वीतभर पण नाही असा मासा, हनुवटीखाली चकतीसारखं असतं त्याने दगडाला धरून बसतो, वरून एवढं पाणी धबाधबा जातंय तरी हलत नाही. ह्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या, 1839 साली साइक्स नावाच्या इंग्रजाने दख्खनच्या माशांवर लिहिताना ठेवलेलं, ते मुल्या म्हणजे आपलं मळ्याच. हे कळलं तेव्हा फार बरं वाटलेलं.

तर दोन वर्षांपूर्वी ठरवलं की हा मासा घरात ठेवायचा, आणि नीट ठेवायचा.

दुकानात चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काच घेतली. दुकानदार म्हणाला एअर पंप लावा, बुडबुडे आले की झालं. तसं होत नाही. बुडबुड्यांनी पाणी जागच्या जागी वरखाली होतं, प्रवाह म्हणजे पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला पाहिजे. ह्या माशांना नुसता जोर आवडतो असं पण नाही, उसळत्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो आणि दगडावर गाळ बसत नाही म्हणून त्यावर बारीक शेवाळ चांगलं धरतं, तेच ते खरवडून खातात. प्रवाह, हवा आणि खाणं असं तिन्ही एकातच आलं.

मग मी वेव्हमेकर आणला, तोही चुकीचा निघाला. पाणी फेकतो जोरात पण त्याला खेचणारं तोंड नसतं, म्हणजे पाइप जोडता येत नाही. लागतो तो पाण्यात बुडणारा पॉवरहेड नावाचा पंप, ज्याच्या खालच्या तोंडाला पाइप बसतो. मुंबईहून आतेभाऊ येताना दोन घेऊन आला, डब्यावर तासाला दोन हजार लिटर लिहिलेले. माझ्या टाकीत पाणी साधारण दोनशे लिटर, म्हणजे कागदावर तासाला वीस वेळा सगळं पाणी फिरतं. पाइप आणि स्पंज लागले की तो आकडा बराच उतरतो, पण साध्या टाकीत चार-पाच वेळा फिरलं तरी पुरतं हे बघितलं तर फरक लक्षात येईल.

जोडणी अशी केली. तळाला लांबीने दोन पीव्हीसी पाइप टाकले. डाव्या टोकाला प्रत्येकावर उभा स्पंज, उजव्या टोकाला एल्बो (काटकोनी जोड) लावून पाइप वर आणला आणि त्यावर पॉवरहेड बसवला, तोंड डावीकडे. पंप उजवीकडून डावीकडे पाणी फेकतो, तिकडे स्पंज ते खेचून घेतो, आणि रेतीखालच्या पाइपातून ते परत उजवीकडे येतं. वरून नदी आणि खालून परतीची वाट. पाइप चिकटवायचं सोल्युशन कुठेही लावलं नाही, सगळे जोड नुसते घट्ट दाबून बसवले कारण पाइप कधी ना कधी धुवायला काढावाच लागतो, आणि पाण्याखाली जरा गळलं तरी पाणी टाकीतच राहतं.

रेतीचं सांगतो. मेव्हण्याने प्रेमाने वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची पोतंभर वाळू आणून दिली, दिसायला सुंदर. मूठभर वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं तर फस्स करून फेस, शिंपल्यांचा चुरा भरलेला त्यात. तो हळूहळू विरघळून पाणी जड, म्हणजे क्षारांचं, करतो. आमच्या विहिरीचं पाणी जांभ्यातलं, हलकं, किटने बघितलं तर पीएच साडेसहाच्या आतच, आणि व्हाळातलं पण जवळपास तसंच, मग ते बिघडवायचं कशाला. व्हाळातलीच जाड रेती आणि काळे गुळगुळीत गोटे आणले. जांभा दगड घालू नका, खरखरीत असतो आणि झिजून पाणी लाल करतो. विहिरीचं पाणी पण थेट न ओतता एक दिवस पिंपात हलवत ठेवतो, खालून आलेल्या पाण्यात हवा कमी असते.

सहा आठवडे टाकी नुसती चालवली, माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत. तेवढ्यात गच्चीवर टबात गोटे पाणी घालून उन्हात ठेवले, त्यांना हिरवा थर धरला. अजून तसंच करतो, दर दहा दिवसांनी दोन गोटे आत, दोन बाहेर.

मासे कुठून आणायचे ह्यावर एक मित्र म्हणाला आंबोलीहून आणू. मी स्पष्ट नाही म्हटलं. तिथल्या हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा 2020 साली जगाला कळला आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, तिथल्या पाण्यात जाळं घालायचा विचार पण नको. एप्रिलमध्ये आमच्या व्हाळाच्या कोंडी आटतात, त्यातल्या एका आटत्या कोंडीतले सात मळ्ये ओंजळीने उचलून आणले. वरच्या प्रवाहात पोहायला दुकानातले दहा झेब्रा डॅनिओ.

मे महिना कठीण गेला. पाणी 31 अंशांवर. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसातच. वर पंखा लावला पण आपल्याकडे हवेतच एवढी ओल की पाणी उडून थंड व्हायला वावच नाही, अंश-दीड अंश उतरलं. झाकण काढून जाळी लावली, कारण हे मासे काचेवर चढतात आणि डॅनिओ उडी मारतात.

काकांनी तेव्हाच विचारलेलं, "लाइट गेली तर काय करतलंस रे?" आणि मी म्हणालो बघू.

मेच्या शेवटी वळवाच्या वाऱ्यात रात्री लाइट गेली ती नऊ तास. घरात इन्व्हर्टर होता पण टाकीचा प्लग त्याच्या लाइनवर नव्हता. मी मगाने पाणी उंचावरून ओतत बसलो, दर दहा मिनिटांनी, पहाटेपर्यंत सगळे जिवंत. सकाळी लाइट आली, पंप सुरू झाले आणि खोलीत कुजकट वास आला. रात्रभर स्पंजात आणि पाइपात कोंडलेलं पाणी सडलेलं, ते सगळं एका दणक्यात टाकीत आलं. तासाभरात तीन मळ्ये गेले. रात्रभर जागून वाचवलेले मासे सकाळी गेले, त्याचं अजून वाईट वाटतं. पंप आपोआप सुरू होऊ द्यायचा नव्हता, आधी प्लग काढून ठेवायचा, स्पंज बाहेर काढून टाकीच्याच पाण्यात पिळायचे, पाइप रिकामे करायचे, मग चालू करायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहितोय, टाकी करणार असाल तर हे आधी वाचा.

दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून एका पंपाची लाइन इन्व्हर्टरवर घेतली. पंप पंचवीस वॉटचा, 150 एएचच्या बॅटरीवर घरातले दोन दिवे धरूनसुद्धा रात्र आरामात निघते. प्रवाह अर्धा होतो पण थांबत नाही.

ह्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. रात्री दोनदा उठून टॉर्च मारून बघितलं. चारही मळ्ये पंपासमोरच्या मोठ्या गोट्यावर एका रेषेत, तोंड प्रवाहाकडे, आणि बाहेर व्हाळ भरून वाहत होता.