मोजायचं काम माझ्याकडे होतं

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, म्हणजे गावात ज्याला सगळे डॉक्टर म्हणतात पण जो डॉक्टर नसतो तो. आणि मी माळकरी आहे. अकरावीला असताना आषाढीला बाबांनी पंढरपूरला नेऊन महाराजांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ घातली ती आजतागायत आहे. मटण-मच्छी नाही, दारू नाही, एकादशी चुकवायची नाही, जीव मारायचा नाही, आणि माळ तुटली तर दुसरी घालेपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही. एकदा अडलेल्या म्हशीनं मान झटकली आणि शिंगात अडकून माळ तुटली, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच उपाशी होतो, पण म्हैस सुटली आणि रेडकूही वाचलं त्यामुळं भूक जाणवली नाही.

आता या नोकरीत माळकरी कसा चालतो हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय. ऑफिसातले चिडवतात, की जनावराला जंताचं औषध पाजतोस तेव्हा जंत काय पंढरीला जातात का? गोचिडावर फवारा मारतोस ते? शेळ्यांना पीपीआर रोगाची लस टोचतोस त्या पुढं बाजाराच्या दिवशी कुठं जातात? परसातल्या कुक्कुटपालनाच्या योजनेत मीच पिल्लं वाटलीत की. खरं सांगायचं तर याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी आपलं मनाशी ठरवलेलं होतं की माझ्या हातातनं डायरेक्ट जीव जात नाही तोवर चालतंय. पुढं त्याचं कोण काय करतो ते त्याचं त्याच्यापाशी. चौदा वर्षं या हिशोबावर निभावलं.

मग फेब्रुवारी 2021 आला. जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला, तेव्हाच पोटात गोळा आला होता पण आमच्याकडं काही आलं नाही. फेब्रुवारीत नवापूरचं निघालं आणि तिथल्या कोंबड्या मारून पुरायला इतर जिल्ह्यांतनं माणसं मागवली. नवापूर म्हणजे पोल्ट्रीचं आगर, नंदुरबार जिल्ह्याचं गुजरातकडचं टोक, तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत आहे आणि प्लॅटफॉर्मवरचं एक बाकडंपण तसंच, लोक त्यावर बसून फोटो काढतात. देशातला पहिला बर्ड फ्लू याच तालुक्यात, 2006 च्या फेब्रुवारीत. आमचे एक सीनियर त्या वेळी तिथं होते, ते कधी त्याबद्दल बोलायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, जाऊदे रे, जेवताना नको.

रात्री साडेनऊला फोन आला, पहाटे गाडी. ऑर्डरमध्ये नाव, हुद्दा, पथक क्रमांक. माळ आहे का नाही असा काही रकाना त्यात नसतो. मी घरात सांगितलं ट्रेनिंगला चाललोय. बायकोनं डब्यात दशम्या बांधून दिल्या.

गाडीत आमच्या दवाखान्याचे परिचर होते, वयानं मोठे म्हणून आम्ही त्यांना चाचा म्हणतो. धुळ्याच्या पुढं कुठंतरी चहाला थांबलो तेव्हा मी त्यांना म्हणलं, चाचा मला हे जमायचं नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुम्हाला वाटतंय आम्हाला जमतंय? खायचं असतं तर बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली असती. हे नुसतं मारून पुरायचं. हे कशात बसतं ते मलापण माहिती नाही." मी आजवर धरून चाललो होतो की हा प्रश्न माझ्या एकट्याचा आहे.

पथकाच्या प्रमुख मॅडम होत्या, माझ्यापेक्षा लहान. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं आता ऐकायला लागणार, शासकीय कर्तव्य, कारणे दाखवा वगैरे. त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, तुम्ही आत जाऊ नका, दारात उभं राहून मोजायचं काम तुम्ही करा, नाहीतरी माझ्याकडं नीट अक्षर असलेला माणूस नाहीये. इतकं सोपं झालं की मलाच कसंतरी झालं. एकच अट घातली, माळ पीपीई किटच्या आत राहील आणि बाहेर येताना ती औषधात बुडवावी लागेल, नाहीतर इथंच खड्ड्यात टाकावी लागेल. घड्याळ, अंगठी, हातातला दोरा सगळ्यांनाच हा नियम.

कोरोनामुळं पीपीई किट तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. घालायच्या आधी टॅमिफ्लूची, म्हणजे फ्लूवरची, गोळी. गोळी म्हणतो पण असते कॅप्सूल, आणि कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासनं करतात हे आमच्या खात्यातल्या माणसाला सांगायला नको. गिळली. त्या दिवसातलं माझं पहिलं ते.

शेड लेयर पक्ष्यांचं होतं, अंड्यावरच्या कोंबड्या, तीन मजली पिंजऱ्यांच्या लांबच्या लांब रांगा. आत माणसं जायची, पिंजऱ्यातनं पक्षी काढायचा, एका हातात पाय, दुसऱ्या हातानं मान धरून खाली ओढून मुरगाळायची, गोणीत टाकायचं. एका गोणीत वीस. गोणी दारात आली की मी एक रेघ ओढायची, पाचवी रेघ आडवी. पलीकडं जेसीबीनं खड्डे काढून ठेवले होते, दोन मीटर लांब, दोन रुंद, दोन खोल, असल्या एका खड्ड्यात अठराशे पक्षी मावतात, वर चुना, वर माती. आम्हाला पाच खड्डे लागणार होते.

मी दारात होतो, आत पाठ करून. बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण ऐकायला येतंच ना. आठ हजार कोंबड्यांचं शेड म्हणजे केवढा कालवा असतो ते पोल्ट्रीवाल्यालाच विचारा, शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. सकाळी तसंच होतं. अकराच्या सुमाराला लक्षात आलं की चाचा आतनं साध्या आवाजात बोलतायत आणि मला ते ऐकू येतंय. दुपारी तर नुसत्या आवाजावरनं सांगू शकलो असतो की किती रांगा राहिल्या.

मालक कुंपणाबाहेर उभा होता, सकाळपासनं. सरकारी दर ठरलेला होता, आठ आठवड्यांवरच्या अंड्यावरच्या कोंबडीला 90 रुपये, अंड्याला 3 रुपये, खाद्याला किलोला 12. पण पैसे मिळतात ते आपण मारलेल्या पक्ष्यांचे, आधी रोगानं मेलेल्याचे नाहीत. त्याच्या 436 आधीच मेल्या होत्या. तो मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, साहेब सगळ्या एकाच खड्ड्यात जाणार आहेत, कोण उकरून बघणार आहे, त्या जिवंतात लिहा ना. 39,240 रुपये होतात, हिशोब त्यानं करून ठेवलेला होता. मी नाही लिहिलं. वेगळ्या रकान्यात मेलेल्या म्हणूनच लिहिलं. त्यानं माझ्या गळ्याशी किटच्या आतनं दिसणारा माळेचा उंचवटा बघितला असावा, म्हणाला, माळकरी दिसता, गरिबाचं तेवढं तरी बघा. जीव घेऊ नको हेही माळेतच आणि खोटं बोलू नको हेही माळेतच, दया करावी हेपण. आणि हातात काय तर रजिस्टर.

आमच्या पथकात रोजंदारीवर तिथलीच चार-पाच पोरं होती. जेवायच्या सुट्टीत, म्हणजे जेवलं कोणीच नाही, बिस्किटं नि पाणी, त्यातल्या एकानं विचारलं, हे साहेब आत का नाही येत? चाचांनी सांगितलं, त्यांची माळ आहे. पोरगा म्हणाला, "माझ्या आईचीपण आहे. तिला मी सांगितलं नाही कुठं चाललोय." टोमणा नव्हता त्यात, नुसतं सांगितल्यासारखं बोलला आणि बिस्किटाचा पुडा माझ्याकडं केला. त्याच्या बोटांना ग्लोव्ह्जमधल्या घामानं सुरकुत्या पडल्या होत्या, धुणं धुतल्यावर पडतात तशा.

तोच साडेतीनच्या सुमाराला कोसळला. त्या किटमध्ये अंगातनं पाण्याच्या धारा लागतात आणि गॉगलवर वाफ धरून काही दिसत नाही, पोरानं सकाळपासनं धड पाणीपण घेतलं नव्हतं. त्याला सावलीत आणलं, किट फाडून काढलं, पाणी मारलं. शुद्धीवर आला. पण दोन रांगा बाकी होत्या आणि शेड त्याच दिवशी संपवायचं होतं, दुसऱ्या दिवशी पथक आणि जेसीबी पुढच्या फार्मवर. मॅडम स्वतः आत गेल्या. मला कोणीही काही म्हणालं नाही, तेवढं म्हणायला पाहिजे होतं असं आजही वाटतं, म्हणजे नंतर सांगायला बरं झालं असतं की आदेश होता.

मी रजिस्टर त्या पोराच्या मांडीवर ठेवलं, गोणी आली की एक रेघ ओढ म्हणलं, आणि आत गेलो.

पहिली जी कोंबडी हातात आली तिनं नुकतंच अंडं घातलं होतं. ओलं होतं, उतारावरनं घरंगळत येऊन पुढच्या तारेला लागून थांबलं. ग्लोव्ह्जमधनंपण तिचं ऊन अंग लागत होतं. मला तंत्र माहीत होतं, ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं, पण हात अर्धवट चालला आणि तिला त्रास झाला, चाचा मागनं ओरडले, "दया नको करू, पटकन कर, हळू केलं तर जास्त हाल!" दुसरीपासनं जमलं. दर वेळी राम कृष्ण हरी म्हणत होतो, दहा-बारा वेळा म्हणालो असेन, मग मास्कमधनं दम पुरेना म्हणून ते सुटलं. नंतर काहीच म्हणत नव्हतो. काही वाटतपण नव्हतं, पाय, मान, ओढ, गोणी. दिवेलागणीला शेडमध्ये इतकं शांत झालं की पाण्याच्या निपलमधनं थेंब पडल्याचा आवाज यायला लागला.

बाहेर येऊन माळ काढली. अकरावीनंतर पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काढली. हायपोक्लोराइटच्या बादलीत सोडली, तुळशीचे मणी तरंगतात, हातानं दाबून धरावी लागली. मॅडम म्हणाल्या दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत चाचांनी पाण्याची बाटली पुढं केली. मी घेतली नाही, त्यांनीपण मग आग्रह केला नाही, बाटली तशीच धरून बाजूला बसून राहिले.

त्या शेडचा आकडा, जिवंत काढून मारलेल्या 7,912, आधी मेलेल्या 436. पंचनाम्यावर सही माझी. शेवटच्या दोन रांगांच्या रेघा पोरानं ओढलेल्या, थोड्या तिरक्या, पण बरोबर होत्या, मी गोण्या परत मोजून बघितल्या.

मग दहा दिवस गोळ्या आणि रोज ताप बघणं. घरी आल्यावर बाबांनी माळ बघून विचारलं, ही पांढुरकी कशानं झाली रे? ब्लीचिंगमुळं लाकडाचा रंग उडाला होता, वासपण जात नव्हता. तेव्हा सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी मला घेऊन महाराजांकडं गेले. ज्यांनी माळ घातली तेच, आता थकलेत, ऐकायला कमी येतं. मी मोठ्यानं सगळं सांगितलं, शासनाचा आदेश, रोग माणसात यायची भीती, कोसळलेला पोरगा. ते मान हलवत होते. ऐकून घेतल्यावर म्हणाले, बाबा, तुझ्या हातनं किती?

7,912 तोंडपाठ होतं. त्या दिवशीच्या गोण्या, खड्डे, अंड्यांचे ट्रे, खाद्याची पोती, सगळं पाठ होतं. माझ्या हातनं किती, ते मोजलंच नव्हतं.