आजोबांच्या हुक्क्याची नळी

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आजोबांचा पितळी हुक्का आजही जपून ठेवला आहे. माळा आवरताना त्याची उभी नळी पाण्याच्या भांड्यापासून दोन बोटे वर तडकली, आणि ती जोडायची म्हटल्यावर पहिला प्रश्न पडला तो डाखाचा, म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावायच्या मिश्रधातूचा.

बाजारात रेडिओ दुरुस्तीचा म्हणून सहज मिळतो त्या डाखात पुष्कळदा कथिलाबरोबर शिसे असते. तो 183 अंशांनाच वितळत असल्याने काम सोपे वाटते. पण ज्या नळीतून माणूस श्वास ओढतो तिथे शिसे नकोच, मग हुक्का कोणी ओढणार असो वा नसो. म्हणून मी कथिल आणि तांब्याचा, सुमारे 227 अंशांना वितळणारा शिसेविरहित डाख आणला.

तडा पॉलिश पेपरने आतून-बाहेरून इतका घासला, की काळपट थराखालचे पिवळेधमक पितळ दिसू लागले. घरातल्या शेगडीजवळ नव्हे, तर अंगणातल्या मोकळ्या हवेत, चष्मा लावून डाख दिला. पितळ लालभडक होईपर्यंत कधीही तापवू नये, कारण त्यातल्या जस्ताचा धूर छातीत गेल्यास रात्री थंडी वाजून ताप भरतो. तडा वर, निखारे ठेवायच्या चिलमीजवळ असेल, तर मात्र असा जोड निखाऱ्याच्या उष्णतेने पुन्हा सुटू शकतो. तो गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एखाद्या कारागिराकडून चांदीच्या, विषारी कॅडमियम नसलेल्या डाखाने जोडून घ्यावा.

शेवटी डाख नीट धरावा म्हणून लावलेला फ्लक्स गरम पाण्याने धुतला, एक टोक अंगठ्याने दाबून नळी बादलीत बुडवली आणि फुंकली. एकही बुडबुडा आला नाही.